वर्कशॉपसाठी मोठं लेझर कटिंग मशीन कसं निवडावं

जाहिरातीत दोन आकडे ठळक छापलेले असतात: किती वॅट आणि केवढा बेड, म्हणजे शीट ठेवायची जागा. हे दोन्ही आकडे खरे असूनही मशीन तुमच्या कामाला निरुपयोगी निघू शकतं. वॅट मोजलेले असतात ट्यूबच्या, म्हणजे जिच्यात लेझरचा बीम तयार होतो त्या नळीच्या, तोंडाशी, आणि डेमो दाखवला जातो जवळच्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या तुकड्यावर. मोठ्या मशीनचा कस लागतो तो बीम जिथून निघतो तिथून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, पूर्ण शीट टाकून, चार तास सलग चालवल्यावर. मशीन निवडायचं ते त्या कोपऱ्याकडे बघून.

आधी कामाची वही उघडा

मागच्या तीन-चार महिन्यांची कामं काढा आणि प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा: माल कोणता, जाडी किती, शीट केवढी होती, नग किती. अशी यादी झाली की बहुतेक वर्कशॉपमध्ये एकच चित्र दिसतं. ऐंशी टक्के काम दोन-तीन जाड्यांमध्ये असतं आणि उरलेल्या वीस टक्क्यांत कधीमधी एखादं जाड किंवा अवाढव्य काम येतं. मशीन घ्यायचं ते त्या ऐंशी टक्क्यांसाठी. वर्षात चार वेळा येणाऱ्या २० मिमी ॲक्रिलिकसाठी दुप्पट वॅटचं मशीन घेतलं, तर रोजचं ३ मिमीचं बारीक काम बिघडतं. जास्त वॅटची काचेची ट्यूब फार कमी पॉवरवर स्थिर पेटत नाही, आणि तिचा बीमही जाड असतो. ते जाड काम बाहेरून कापून आणणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

पीव्हीसी, रेक्झिन किंवा फोमबोर्डसारखा माल यादीत असेल तर तो आत्ताच वेगळा काढा. पीव्हीसीत क्लोरीन असतं. कापताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो छातीला घातक असतो, शिवाय रेल आणि बेअरिंगला काही आठवड्यांत गंज चढवतो. मालाबद्दल शंका असेल तर तांब्याची तार लालभडक तापवून त्या प्लास्टिकला लावा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, तो माल लेझरवर घ्यायचा नाही. ही परीक्षा उघड्यावर करा. एबीएस वितळून चिकटतं आणि विषारी वायू सोडतं, पॉलिकार्बोनेट पिवळं-काळं होऊन जळतं. या दोन्हींसाठी राउटर (फिरत्या पात्याने कापणारं मशीन) बरा.

सीओटू की फायबर

कार्बन डायऑक्साइड (सीओटू) लेझर कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये शोधला. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. लाकूड, ॲक्रिलिक, चामडं, कापड, कागद, रबर हा सगळा माल हा प्रकाश शोषून घेतो. धातू मात्र त्यातला बहुतेक परत फेकतात. फायबर लेझरची तरंगलांबी १.०७ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दहापट लहान. धातू ती चांगली शोषतात, पण पारदर्शक ॲक्रिलिकमधून ती काचेतून ऊन जावं तशी आरपार जाते. त्यामुळे निवड सरळ आहे: पत्रा असेल तर फायबर, बाकी सगळ्याला सीओटू.

मधला मार्ग म्हणून ‘मिक्स’ मशीन विकायला असतात. १५० ते ३०० वॅटच्या सीओटूला ऑक्सिजनची जोड आणि पत्र्याच्या उंचीनुसार वरखाली होणारं हेड दिलेलं असतं. त्यावर एक-दीड मिमीचा एमएस (साध्या पोलादाचा) पत्रा कापता येतो, पण सावकाश, आणि कडेला काजळी राहते. महिन्यात चार पत्रे कापणाऱ्याला ते चालेल. पत्रा हाच धंदा असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

बेड: शीटच्या मापावरून

६०० गुणिले ९०० मिमी, ९०० गुणिले १३००, १००० गुणिले १६०० आणि १३०० गुणिले २५०० ही सीओटू मशीनची नेहमीची मापं. आठ बाय चार फुटांची शीट २४४० गुणिले १२२० मिमी भरते, म्हणजे ती अख्खी फक्त शेवटच्या मापात बसते. पण अख्खी शीट बसवायची गरज आहे का, हा प्रश्न आधी विचारा. तुमचे तुकडे मीटरभराच्या आत असतील तर १३०० गुणिले ९०० चं मशीन, ज्याला पुढे-मागे आरपार झडप आहे, तेच काम करून देतं. शीट आत सरकवत तीन टप्प्यांत कापायची. वेळ थोडा जास्त लागतो, पण बीमचा रस्ता निम्मा होतो आणि पुढची कितीतरी डोकेदुखी टळते.

मोठ्या बेडचं दुसरं गणित वजनाचं. १० मिमीची आठ बाय चार ॲक्रिलिक शीट सुमारे ३५ किलो भरते, दोन माणसं उचलतील. ३००० गुणिले १५०० मिमीचा ६ मिमी एमएस पत्रा २१० किलोच्या पुढे जातो. त्यासाठी क्रेन, फोर्कलिफ्ट किंवा व्हॅक्यूम लिफ्टर लागणार, आणि त्यांना वळायला जागा.

जागा मोजताना कॅटलॉगमधलं बाहेरचं माप घ्या, बेडचं नव्हे. चारी बाजूंना किमान मीटरभर मोकळं सोडा. ज्या बाजूने ट्यूब निघते त्या बाजूला आणखी जागा हवी. १३० वॅटची ट्यूब सुमारे १.६५ मीटर लांब असते, ती भिंतीला अडली तर बदलायला अख्खं मशीन हलवावं लागतं. दरवाजा, जिना, लिफ्ट आणि गल्लीचं वळण हेही टेपने मोजा. बॉडी दोन भागांत सुटते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

बेडचा पृष्ठभाग दोन प्रकारचा असतो. कापड, कागद, पातळ प्लायला जाळीचा म्हणजे हनीकोंब बेड, जाड ॲक्रिलिक आणि लाकडाला पट्ट्यांचा. जाळीवर जाड ॲक्रिलिक कापलं तर खालून परतलेला बीम मागच्या बाजूला ठिपके पाडतो, आणि तयार मालाला ते झाकता येत नाहीत. दोन्ही बेड मिळत असतील तर दोन्ही घ्या.

वॅटचा आकडा ट्यूबच्या लांबीवरून ताडा

काचेच्या ट्यूबबाबत लांबी खोटं बोलत नाही. ८० वॅटची ट्यूब साधारण १२०० ते १२५० मिमी, १०० वॅटची १४५०, १३० वॅटची १६५०, १५० वॅटची १८५० मिमी. कंपनीनुसार थोडा फरक पडतो, पण कुणी १२५० मिमीच्या ट्यूबला १०० वॅट म्हणत असेल, तर तो क्षणभर मिळणारी कमाल पॉवर सांगतोय. तशी रोज चालवली तर ट्यूब काही महिन्यांत मरते. १०० वॅटची ट्यूब साधारण २७-२८ मिलीॲम्पियरच्या वर न्यायची नसते, म्हणून मशीनवर मिलीॲम्पियरचा काटा असलाच पाहिजे. नसेल तर तो बसवून द्या असं आधीच सांगा. स्क्रीनवरचा टक्का म्हणजे करंट नव्हे. पॉवर सप्लाय कसा लावलाय त्यावर ७० टक्क्यांचा अर्थ बदलतो.

कामाच्या दृष्टीने अंदाज असा: रोज ३ ते ६ मिमी ॲक्रिलिक आणि प्लाय असेल तर ८० ते १०० वॅट पुरेत. रोज १० मिमी असेल तर १३० ते १५०. प्लायमध्ये वॅटपेक्षा गोंद आणि गाठी जास्त त्रास देतात. एकाच शीटमध्ये नऊ तुकडे सुटतात आणि दहावा चिकटून राहतो, कारण आतल्या थरात भरणीचा गोंद असतो. त्यावर उपाय चांगला प्लाय, जास्त वॅट नाही.

आरएफ प्रकारची (रेडिओ लहरींवर पेटणारी) धातूची ट्यूब महाग, पण पॉवर झटपट चढ-उतार करते, बीम बारीक देते आणि पुन्हा गॅस भरून घेता येते. दिवसभर बारीक एनग्रेव्हिंग असेल तर तिचा विचार करा. नुसत्या कटिंगला काचेची ट्यूब व्यवहाराला धरून आहे. ट्यूबवर बनवल्याची तारीख छापलेली असते, ती बघा. काचेच्या ट्यूबमधला गॅस न वापरताही हळूहळू बिघडतो, त्यामुळे दोन वर्षं गोदामात पडलेली ‘नवी’ ट्यूब घेऊ नका, आणि एक जादा ट्यूब आणून माळ्यावर ठेवण्यातही अर्थ नाही.

लांबचा कोपरा

नेहमीच्या सीओटू मशीनमध्ये ट्यूब मागे स्थिर असते. बीम पहिल्या आरशावर आपटून गँट्रीवरच्या, म्हणजे बेडवर पुढे-मागे धावणाऱ्या आडव्या पट्टीवरच्या, दुसऱ्यावर, तिथून हेडवरच्या तिसऱ्यावर आणि मग लेन्समध्ये उतरतो. हेड जवळच्या कोपऱ्यात असताना हा रस्ता जेमतेम अर्ध्या मीटरचा. १३०० गुणिले २५०० च्या बेडवर लांबच्या कोपऱ्यात तोच रस्ता चार मीटरच्या वर जातो. एवढ्या प्रवासात दोन गोष्टी घडतात.

पहिली म्हणजे बीम पसरतो. ट्यूबमधून सहा-सात मिमीचा निघालेला बीम चार मीटरवर दहाच्या आसपास पोचतो. त्याची कड नोझलच्या आत घासली की तेवढी पॉवर वाया जाते, नोझल तापतं आणि फोकसही थोडा सरकतो. जवळच्या कोपऱ्यात सुटलेला तुकडा लांबच्या कोपऱ्यात अडकून राहतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट कोनाची, आणि तीच जास्त वेळा घडते. आरसा अंशाच्या फक्त दहाव्या भागाने हलला तर परावर्तित बीम त्याच्या दुप्पट कोनाने वळतो. चार मीटरवर तो सुमारे १४ मिमी बाजूला पडतो. लेन्स असते २० मिमी व्यासाची, म्हणजे बीम तिच्या बाहेरच जातो. अंशाचा दहावा भाग म्हणजे आरशाच्या स्क्रूचा अगदी किरकोळ फेर. ट्रकमधल्या हादऱ्याने, सैल झालेल्या एका नटाने किंवा जमीन किंचित खचल्याने तेवढं होतं.

म्हणून मोठ्या बेडवर या चार गोष्टी शोधा. आरशांचे माउंट जाड ॲल्युमिनियमचे आणि लॉकनट असलेले हवेत, वाकवलेल्या पत्र्याचे नकोत. बीम समांतर राखणारा एक्सपांडर दिलेला असेल तर उत्तम. त्याहून चांगली सोय म्हणजे ट्यूब थेट गँट्रीवर बसवलेली. मग एका दिशेचा प्रवास संपतोच आणि रस्ता दीड-दोन मीटरच्या आत राहतो. मात्र ट्यूबचं वजन गँट्रीसोबत धावत असल्याने वेग थोडा कमी होतो, पाण्याच्या नळ्या आणि हाय व्होल्टेजची वायर सतत वाकत राहते, तेव्हा त्यांचा दर्जा तपासा. चौथी गोष्ट, हेडजवळ लाल दिव्याचा पॉइंटर असला तरी आरसे जुळवायला त्यावर विसंबू नका. आरशासमोर मास्किंग टेप लावून, कमी पॉवरचा क्षणभराचा ठोका देऊन डाग बघायचा. हेड चारी कोपऱ्यांत नेऊन चारी डाग एकावर एक पडले पाहिजेत. विक्रेत्याच्या माणसाने हे तुमच्यासमोर करून दाखवावं आणि मग तुमच्या माणसाकडून करून घ्यावं.

लेन्सची निवडही याच भागात येते. सहा मिमीच्या बीमला २ इंची लेन्स ठिपका देते सुमारे ०.११ मिमीचा, ४ इंची देते ०.२३ मिमीचा. ठिपका दुप्पट झाला की फोकसची खोली (जेवढ्या उंचीत बीम बारीक राहतो ती) चौपट होते. म्हणून बारीक अक्षरांना दीड किंवा दोन इंची, ३ ते ८ मिमीच्या कटिंगला अडीच इंची आणि त्याहून जाडला चार इंची. जाड ॲक्रिलिकची कड तिरकी येत असेल तर वेग कमी करण्याआधी लेन्स बदलून बघा.

सांगाडा आणि चाल

कागदावर ‘अचूकता ०.०१ मिमी’ लिहिलेलं असतं. ते मोटरच्या एका पावलाचं माप असतं, कापलेल्या तुकड्याचं नाही. गँट्री दोन्ही बाजूंनी ओढली जाते का, ते बघा. मीटरभराहून रुंद गँट्री एकाच बाजूने ओढली की दुसरं टोक मागे राहतं आणि चौकोन समांतरभुज होतो. रेल चौकोनी लिनिअर गाइडची हवी. मोठ्या बेडला बेल्ट रुंद आणि आतून पोलादी तारेचा. पावलापावलाने फिरणाऱ्या स्टेपर मोटरऐवजी क्लोज्ड लूप (आपली जागा स्वतः तपासणारी) मोटर असेल तर पाऊल चुकलं की मशीन थांबतं. साधा स्टेपर काही न सांगता पुढे कापत जातो.

कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, नेहमीच्या वापरातला घ्या. सीओटूत रुइडाचे कंट्रोलर सगळीकडे आढळतात आणि लाइटबर्न सॉफ्टवेअर त्यांच्याशी जुळतं. फायबरमध्ये सायपकट हे सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी दिसतं. कुणाचाच माहीत नसलेला कंट्रोलर बिघडला की मशीन त्याच एका विक्रेत्याच्या हातात जातं.

पाणी, धूर, हवा

१३० वॅटची ट्यूब पाण्यात साधारण ५०० ते ६०० वॅट उष्णता सोडते. मशीनसोबत फुकट येणारा पंखा-रेडिएटरवाला डबा दर अंशाला साधारण ५० वॅट काढतो, म्हणजे पाणी खोलीपेक्षा दहा-बारा अंश वरच राहणार. खोली ३२ अंशांवर असेल तर पाणी ४३. ट्यूबला हवं असतं १८ ते २२, फार तर २५. तापलेल्या पाण्यावर पॉवर घटते, ऑपरेटर करंट वाढवतो आणि ट्यूबचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. १०० वॅटपासून पुढे कॉम्प्रेसरवर चालणारा चिलरच घ्या. पाणी डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी वीज गळते आणि काचेत थर बसतो. दमट हवेत पाणी फार थंडही करू नका, ट्यूबवर आणि आरशांवर दव धरतं आणि हाय व्होल्टेजची ठिणगी उडते. पाण्याचा प्रवाह थांबला की लेझर बंद पाडणारा सेन्सर असलाच पाहिजे. तो खरोखर चालतो का, हे नळी चिमटून पाहा.

धुराचं बजेट लोक शेवटी धरतात, आणि तिथेच फसतात. एमडीएफच्या धुरात फॉर्मल्डिहाइड असतं, ॲक्रिलिकच्या वासाने डोकं धरतं. शिवाय आत अडकलेला धूर लेन्सवर बसतो. काजळलेली लेन्स तापते आणि तडकते. १५० मिमीच्या डक्टमधून सेकंदाला १५ मीटर वेगाने हवा गेली तर ताशी साधारण ९५० घनमीटर निघते, २०० मिमीच्या डक्टमधून १७००. पन्नास मिमी व्यास वाढवला तर हवा जवळजवळ दुप्पट. पंख्यावर छापलेला आकडा डक्ट न जोडता मोजलेला असतो. चुरगाळणारा लवचिक पाइप आणि दोन-तीन काटकोनी वळणं लागली की तो बराच खाली येतो. म्हणून पाइप सरळ, गुळगुळीत आणि कमीत कमी वळणांचा. पंखा बाहेरच्या टोकाला लावा. मग आतल्या पाइपात ओढ राहते आणि जोडातून गळती झालीच तर हवा आत जाते, धूर खोलीत येत नाही. २५०० मिमीच्या बेडला खालचं शोषण कप्प्यांत विभागलेलं हवं, हेड असेल तोच कप्पा उघडेल असं.

हवेचा झोत म्हणजे एअर असिस्ट, त्याला दोन दाब हवेत. लाकूड कापताना जोरदार, ॲक्रिलिक कापताना अगदी मंद. ॲक्रिलिकवर जोराचा झोत मारला की कड धुरकट होते. काचेसारखी चकचकीत कड हवी असेल तर झोत फक्त लेन्सवर धूर चढणार नाही इतकाच ठेवा. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी असतं, म्हणून फिल्टर आणि ड्रायरशिवाय ती लेन्सजवळ नेऊ नका.

पत्रा कापायचा असेल तर

फायबरमध्ये किलोवॅटची चढाओढ असते, पण महिन्याचं बिल ठरवतो तो गॅस. एमएस पत्रा ऑक्सिजनवर कापतात. लोखंड जळताना स्वतः उष्णता देतं, म्हणून जाड एमएसला दाब एक बारच्या आसपास पुरतो आणि गॅस कमी लागतो. एसएस (स्टेनलेस स्टील) आणि ॲल्युमिनियमला नायट्रोजन, तोही १० ते २० बारवर, कारण तिथे वितळलेला धातू नुसत्या जोराने खाली उडवायचा असतो. २ मिमीच्या नोझलमधून १५ बारवर ताशी साधारण ३५ घनमीटर नायट्रोजन जातो. एका नेहमीच्या सिलिंडरमध्ये ७ घनमीटर, म्हणजे सलग कटिंगचे बारा मिनिट. एसएस हे रोजचं काम असेल तर सिलिंडरवर धंदा चालणार नाही. द्रव नायट्रोजनची टाकी, जनरेटर किंवा पातळ पत्र्याला कोरड्या हवेचा उच्च दाबाचा कॉम्प्रेसर, यांपैकी एक मशीनच्या बजेटमध्येच धरा. नोझल १.५ मिमीचं चाललं तर खप निम्म्याजवळ येतो, म्हणून गरजेहून मोठं नोझल लावून ठेवू नका.

कॅटलॉगमधली कमाल जाडी म्हणजे कशीबशी सुटणारी जाडी. रोजच्या कामासाठी तिच्या साठ-सत्तर टक्केच धरा. पितळ आणि तांबं बीम परत फेकतात, त्यांचं काम असेल तर सोर्सला (बीम तयार करणाऱ्या भागाला) परतीच्या बीमपासून संरक्षण आहे का, हे स्पष्ट विचारा.

विजेचा हिशोब एकट्या सोर्सवर थांबवू नका. ३ किलोवॅटचा सोर्स १० किलोवॅटच्या आसपास घेतो, त्यावर चिलर, मोटरी, धूळ ओढणारा पंखा आणि बहुतेकदा या सगळ्यांत खादाड असा कॉम्प्रेसर. एकूण बेरीज मांडूनच थ्री फेजचा भार मागा. अर्थिंग मशीनसाठी वेगळं. सीओटू मशीनलाही ते तितकंच हवं, कारण ट्यूबला २० किलोव्होल्टच्या घरातला दाब असतो.

सांगाडा वेल्डिंगनंतर भट्टीत तापवून ताण काढलेला आहे का, हे विचारा. तो काढलेला नसेल तर वर्षभरात सांगाडा किंचित पीळ घेतो आणि रेल कितीही जुळवली तरी माप जात राहतं.

डोळे आणि आग

फायबरचा प्रकाश दिसत नाही आणि डोळ्याच्या बाहुलीतून थेट आतल्या पडद्यावर एकवटतो. इजा कळायच्या आत होते. त्यामुळे कार्यशाळेत बंद केबिनचंच मशीन घ्या, आणि खिडकीची काच त्या तरंगलांबीसाठीच बनवलेली आहे असा छाप तिच्यावर असू द्या. साधं ॲक्रिलिक सीओटूचा बीम अडवतं, फायबरचा मुळीच अडवत नाही. झाकण उचलताच लेझर बंद झाला पाहिजे. हा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवलेला दिसला तर ते मशीन वापरणाऱ्या जागेवरून फार काही शिकण्यासारखं नाही.

ॲक्रिलिक आणि लाकूड पेट घेतात, म्हणून चालू मशीन सोडून कुणी जायचं नाही. शेजारी कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक ठेवा. पावडरवाला आगही विझवतो आणि आरसे-लेन्सही संपवतो.

पैसे देण्याआधीची चाचणी

स्वतःची शीट घेऊन जा, त्यांची वापरू नका. मग या क्रमाने करा:

१. रोजच्या जाडीच्या शीटवर चारी कोपऱ्यांत आणि मध्ये १०० मिमीचे पाच चौकोन एकाच वेगाने, एकाच पॉवरवर कापा. पाचही हात न लावता सुटले पाहिजेत. लांबच्या कोपऱ्यातला अडला तर वेग किती टक्के कमी करावा लागतो ते लिहा. दहा टक्के चालेल, पंचवीस चालणार नाही.

२. १२०० गुणिले ९०० मिमीचा आयत कापून कर्ण मोजा. दोन्ही १५०० मिमी यायला हवेत. दोन कर्णांत १ मिमीचा फरक म्हणजे ९०० च्या बाजूला सुमारे ०.६ मिमी तिरकेपणा. अर्ध्या मिमीच्या वर फरक स्वीकारू नका.

३. ५० मिमीचं वर्तुळ पूर्ण वेगाने कापा आणि व्हर्नियरने चार दिशांनी मोजा. सुरुवात आणि शेवट जिथे मिळतात तिथे खाच असेल तर बेल्ट सैल आहे किंवा वेगवाढ जास्त ठेवली आहे.

४. नोझल आणि बेडमधलं अंतर चारी कोपऱ्यांत फोकसच्या ठोकळ्याने तपासा. दोन इंची लेन्सवर एक मिमीचा फरकही कटिंगवर दिसतो.

५. एकच काम चार तास लावा. चिलरचं तापमान, काट्यावरचा करंट आणि तासागणिक एक चौकोन, एवढं नोंदवत राहा. चौथ्या तासाचा चौकोन पहिल्याच सेटिंगवर सुटला पाहिजे.

६. झाकण, पाण्याची नळी आणि आपत्कालीन बटण, तिन्हींनी लेझर थांबतो का बघा. पेटलेली उदबत्ती बेडच्या पुढच्या कडेला धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे.

जुनं मशीन घेत असाल तर ट्यूबमधल्या उजेडाचा रंगही बघा. चांगल्या ट्यूबमध्ये तो जांभळट-गुलाबी असतो, फिका पांढरट झाला असेल तर गॅस संपत आलाय आणि नव्या ट्यूबची किंमत सौद्यातून वजा करा.

सौद्याचे कागद

ट्यूबची हमी कशी मोजणार, बनवल्याच्या तारखेपासून, पाठवल्यापासून की तुमच्याकडे चालू झाल्यापासून, हे लेखी घ्या. तासांवर हमी असेल तर ते तास कंट्रोलरवर दिसतात का ते पाहा. शेवटचा हप्ता वरची चाचणी तुमच्या जागेवर, तुमच्या विजेवर पास झाल्यावरच द्यायचा, असं ऑर्डरमध्येच लिहा. सोबत दोन लेन्स, आरशांचा एक संच, पाण्याचा सेन्सर, एक जोडी बेल्ट, हाय व्होल्टेजचा एक पॉवर सप्लाय मागून घ्या. फायबरला दहा प्रोटेक्टिव्ह ग्लास, प्रत्येक मापाची चार-पाच नोझल आणि सिरॅमिक रिंगा. या लहान वस्तूंअभावीच मशीन आठवडाभर बंद राहतं.

मशीन आल्यावर ट्यूबला वीज देण्याआधी पाणी फिरवा आणि आत बुडबुडा अडकलाय का ते नीट बघा. पाणी बाहेर पडणारं तोंड वरच्या बाजूला असेल तर बुडबुडा आपोआप निघून जातो, नसेल तर ट्यूब हळूच फिरवून तसं करा. आरशाच्या टोकाशी राहिलेल्या वाटाण्याएवढ्या बुडबुड्यानेही काच एका जागी तापते आणि ट्यूब पहिल्याच दिवशी तडकते.